संप गाळणी (मत्स्यालय)

हा लेख मत्स्यालयात वापरल्या जाणाऱ्या गाळणीविषयी आहे. कामबंद आंदोलनाच्या अर्थासाठी 'संप' हा लेख पाहा.

संप गाळणी म्हणजे मत्स्यालयाच्या मुख्य टाकीखाली ठेवलेली आणि तिच्याशी नळ्यांनी जोडलेली दुसरी टाकी होय. मुख्य टाकीतील पाणी गुरुत्वाकर्षणाने या खालच्या टाकीत उतरते. तेथील कप्प्यांमधून जाताना ते गाळले जाते आणि पंपाच्या साहाय्याने पुन्हा वर पोहोचवले जाते. घरगुती मत्स्यालयात ही गाळणी काच, पीव्हीसी नळ्या, स्पंज आणि एक बुडता पंप एवढ्या साहित्यातून बनवता येते. तिचे मुख्य काम केवळ कचरा अडवणे हे नसून, माशांच्या उत्सर्जनातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या जीवाणूंना राहण्यास जागा देणे हे आहे.

अकोला, अमरावती व बुलढाणा या वऱ्हाडातील जिल्ह्यांत कडक उन्हाळा, खंडित वीजपुरवठा आणि खारपाणपट्ट्यातील भूजल या तीन कारणांमुळे संप गाळणीच्या रचनेत काही विशेष दक्षता घ्यावी लागते.

संज्ञा

'संप' हा मूळ इंग्रजी शब्द असून सखल जागी पाणी साचवण्यासाठी केलेला खड्डा किंवा टाकी असा त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्रात इमारतींच्या भूमिगत पाणीटाकीला 'संप' आणि पाणीपुरवठा योजनेतील साठवण विहिरीला 'संपवेल' म्हणतात. मत्स्यालयाच्या संदर्भात हाच शब्द खालच्या टाकीसाठी रूढ झाला आहे. वरच्या टाकीला या लेखात 'मुख्य टाकी' म्हटले आहे.

'गोडे पाणी' या शब्दाचाही येथे खुलासा आवश्यक आहे. मत्स्यशास्त्रात समुद्राचे किंवा खाडीचे नसलेले, अत्यल्प क्षार असलेले पाणी ते गोडे पाणी होय. वऱ्हाडात मात्र पिण्याजोग्या पाण्याला 'गोड' आणि खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याला 'खारे' म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे नदीखोऱ्यातील भूजल असूनही ते मत्स्यालयासाठी गोडे पाणी ठरेलच असे नाही.

इतिहास

मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधून पाणी दीर्घकाळ टिकवता येते, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. पुढे विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील सागरी मत्स्यालयाची रचना केली. त्यात प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा, अंधारा जलसाठा ठेवला होता व पाणी सतत खालून वर आणि वरून खाली फिरवले जात असे. आजच्या संप गाळणीचे मूळ तत्त्व या रचनेत स्पष्टपणे दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्गेई विनोग्रादस्की यांनी नायट्रीकरण करणारे जीवाणू वेगळे केले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये दगडांच्या थरांवरून सांडपाणी ठिबकवून शुद्ध करण्याची पद्धत वापरात आली. हौशी मत्स्यपालनात ही ठिबक पद्धत बरीच उशिरा आली. अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या नियतकालिकातील लेखांमुळे 'ओली-कोरडी' गाळणी लोकप्रिय झाली आणि मुख्य टाकीखाली संप ठेवण्याची प्रथा पसरली.

महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मत्स्यशिक्षणासाठी मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था (स्थापना १९६१) आहे. विदर्भात नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पाण्याचा पुनर्वापर करणारे मत्स्यसंवर्धन संच आणि परसातील शोभिवंत मासे संगोपन यांचा समावेश आहे. पुनर्वापर संचातील गाळणी आणि घरगुती संप यांचे तत्त्व एकच आहे. फरक आकारमानाचा आहे.

कार्यतत्त्व

संप गाळणीत तीन प्रकारचे शुद्धीकरण होते.

यांत्रिक गाळण: विष्ठा, उरलेले खाद्य, कुजलेली पाने हे घन पदार्थ स्पंज किंवा पॉलिस्टरच्या कापसात अडकतात. अडकलेला कचरा काढून टाकला नाही, तर तो तेथेच कुजतो व अमोनिया पाण्यात उतरतच राहतो. म्हणून यांत्रिक गाळण नियमित स्वच्छतेनंतरच पूर्ण झाले असे मानले जाते.

जैविक गाळण: मासे प्रामुख्याने कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टर या जीवाणूला दिले जाई. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करणाऱ्या नायट्रोस्पायरांचा शोध जाहीर झाला. त्यांपैकी एक नमुना मत्स्यसंवर्धन संचाच्या गाळणीतून मिळाला होता.

रासायनिक गाळण: सक्रिय कोळशाने रंग, वास आणि औषधांचे अवशेष शोषले जातात. ही गाळण कायमस्वरूपी आवश्यक नसते.

नायट्रीकरणासाठी प्राणवायू आणि पाण्यातील क्षारता (बायकार्बोनेट) या दोहोंची गरज असते. १ मि.ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ४.६ मि.ग्रॅ. प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७.१ मि.ग्रॅ. क्षारता खर्च होते. पाणी वरून कोसळताना व उघड्या कप्प्यांतून वाहताना त्यात हवा मिसळते, हा बंद डब्याच्या गाळणीपेक्षा संपाचा मोठा लाभ आहे.

अमोनियाची विषारीपणाची मात्रा

पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि विषारी मुक्त अमोनिया. त्यांचे प्रमाण पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान यांवर ठरते. ३० अंश सेल्सियस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.८ टक्के भाग मुक्त असतो. सामू ८ झाल्यास तो सुमारे ७.५ टक्के आणि ८.५ झाल्यास सुमारे २० टक्के होतो. लिटरला ०.०२ मि.ग्रॅ. मुक्त अमोनिया दीर्घकाळ राहिला, तरी तो अनेक माशांना बाधतो. एकूण अमोनिया लिटरला ०.५ मि.ग्रॅ. असलेले पाणी सामू ७ ला सहन होण्यासारखे असते, पण तेच पाणी सामू ८.५ ला घातक ठरते. अल्कधर्मी भूजल आणि तीव्र उन्हाळा असलेल्या प्रदेशात जैविक गाळणीला इतके महत्त्व का आहे, हे यावरून लक्षात येते.

रचना

संप गाळणीचे भाग पाण्याच्या प्रवासाच्या क्रमाने पुढीलप्रमाणे असतात.

१. सांडवा: मुख्य टाकीच्या वरच्या कडेजवळील दातेरी पट्टी किंवा लहान कप्पा. ठरावीक पातळीच्या वर आलेले पाणीच येथून सांडते. दात्यांमुळे मासे आत ओढले जात नाहीत.
२. उतारनळी: सांडव्यातील पाणी संपात नेणारी पीव्हीसी नळी. ती चढनळीपेक्षा नेहमी जाड असते.
३. यांत्रिक कप्पा: येथे स्पंज व पॉलिस्टर कापूस ठेवतात.
४. जैविक कप्पा: येथे जीवाणूंसाठी भरपूर पृष्ठभाग असलेले माध्यम ठेवतात.
५. बुडबुडे-अटकाव: एकमेकींपासून सुमारे ३ सें.मी. अंतरावरील काचेच्या पट्ट्या. पाणी एकीच्या खालून व दुसरीच्या वरून जाते आणि हवेचे बुडबुडे पंपापर्यंत पोहोचत नाहीत.
६. पंपकप्पा: शेवटचा कप्पा. बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी फक्त याच कप्प्यात घटलेले दिसते, कारण आधीच्या कप्प्यांची पातळी काचेच्या पट्ट्यांनी बांधलेली असते.
७. चढनळी: पंपापासून मुख्य टाकीपर्यंत जाणारी नळी.

सांडव्याचे प्रकार

मुख्य टाकीच्या काचेला छिद्र पाडून त्यात टँक निपल बसवणे ही सर्वांत विश्वसनीय पद्धत होय. छिद्र हिऱ्याच्या कडेच्या गोल पात्याने, पाण्याची धार सोडत पाडले जाते. टफन काचेला छिद्र पाडता येत नाही. प्रयत्न केल्यास संपूर्ण काच फुटते.

छिद्र नसलेल्या टाकीसाठी पीव्हीसी नळ्यांचा वक्रनलिका-सांडवा वापरतात. तो स्वस्त असतो, परंतु नळीच्या माथ्यावर हवा साचल्यास प्रवाह तुटतो आणि पंप मात्र चालूच राहतो. असा सांडवा वापरायचा झाल्यास वीज जाऊन परत आल्यावर प्रवाह आपोआप सुरू होतो की नाही, हे अनेकदा तपासून पाहावे लागते. मोठ्या टाक्यांत एक मुख्य, एक साहाय्यक आणि एक आपत्कालीन अशा तीन उतारनळ्या बसवतात. ही पद्धत 'बीन ॲनिमल' या नावाने ओळखली जाते.

आकारमान आणि पाण्याचा हिशेब

संपाचे आकारमान मुख्य टाकीच्या साधारण २५ ते ४० टक्के ठेवले जाते. मात्र केवळ टक्केवारी पुरेशी नसते. पंप बंद पडणे आणि सांडवा तुंबणे या दोन्ही प्रसंगी पाणी जमिनीवर येणार नाही, असा हिशेब बांधणीपूर्वीच करावा लागतो. काच कापल्यानंतर ही चूक सुधारणे कठीण असते.

उदाहरणादाखल ४ फूट लांब, १.५ फूट रुंद व १.५ फूट उंच मुख्य टाकी घेतल्यास तिचे घनफळ ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर भरते. तिच्यासाठी ३० इंच लांब, १२ इंच रुंद व १५ इंच उंच (सुमारे ७६ × ३० × ३८ सें.मी.) संप घेतला आहे, त्याची पूर्ण क्षमता सुमारे ८८ लिटर आहे.

पहिला प्रसंग: वीज जाते. पंप थांबल्यावर सांडव्याच्या पातळीपर्यंतचे पाणी खाली येतेच. शिवाय चढनळीचे तोंड पाण्यात बुडालेले असल्यास तिच्यातून पाणी उलट ओढले जाते. मुख्य टाकीचे पृष्ठफळ सुमारे ५,५७० चौ. सें.मी. असल्याने १ सें.मी. पातळी उतरली की सुमारे ५.६ लिटर पाणी खाली येते. पातळी ४ सें.मी. उतरल्यास सुमारे २२ लिटर आणि नळ्यांतील ३ लिटर मिळून २५ लिटर पाणी संपात येईल. संपाचे पृष्ठफळ सुमारे २,२८० चौ. सें.मी. असल्याने तेथील पातळी सुमारे ११ सें.मी. वाढेल. म्हणून संपातील काचेच्या पट्ट्या २३ सें.मी.पेक्षा उंच ठेवू नयेत. तेवढ्या ठेवल्यास वीज गेल्यावर पाणी ३४ सें.मी.पर्यंत चढते आणि काठापर्यंत ४ सें.मी. जागा शिल्लक राहते.

चढनळीला पाण्याच्या पृष्ठभागाखाली १ सें.मी.वर ३ ते ४ मि.मी. व्यासाचे छिद्र पाडल्यास पातळी तेथवर उतरताच नळीत हवा शिरते व उलटा प्रवाह थांबतो. हे छिद्र शेवाळाने बुजू शकते. एकदिश झडपेतही कचरा अडकतो. त्यामुळे या उपायांवर विसंबून संप लहान करणे योग्य नव्हे.

दुसरा प्रसंग: सांडवा तुंबतो. पंप चालूच राहिल्याने पंपकप्प्यातील पाणी वर जाते. पंपकप्पा २० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद असून पाणी २० सें.मी.वरून ८ सें.मी.पर्यंत उतरल्यावर पंप हवा ओढू लागतो असे धरल्यास, वर जाणारे पाणी सुमारे ७.२ लिटर होते. मुख्य टाकीत त्याने १.३ सें.मी. पातळी वाढते. म्हणून सांडव्याच्या नेहमीच्या पातळीवर किमान २ सें.मी. कोरडी काच असावी. पंपकप्पा गरजेपेक्षा मोठा ठेवणे या दृष्टीने धोक्याचे ठरते.

पंपाची निवड

गोड्या पाण्याच्या टाकीत ताशी ४ ते ६ वेळा पाणी फिरणे सामान्यतः पुरेसे मानतात. वरील टाकीत खडी व कोरडी काच वगळता सुमारे २२० लिटर पाणी राहते. त्यासाठी ताशी १,१०० ते १,२०० लिटर प्रवाह हवा. पंपाच्या खोक्यावरील आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी एक ते सव्वा मीटर चढवताना तो बराच घटतो. म्हणून ताशी २,००० ते २,५०० लिटर क्षमतेचा पंप घेतात. प्रत्यक्ष प्रवाह मोजण्याची सोपी रीत म्हणजे चढनळीखाली २० लिटरची बादली धरणे: ती एका मिनिटात भरली तर प्रवाह ताशी १,२०० लिटर आहे.

वऱ्हाडात सहज मिळणारा कूलरचा पंप स्वस्त असला, तरी तो वर्षभर अहोरात्र चालण्यासाठी बनवलेला नसतो. ४० वॅटचा पंप २४ तास चालल्यास महिन्याला सुमारे २९ युनिट वीज लागते.

घरगुती बांधणी

साहित्य: संपासाठी ५ किंवा ६ मि.मी. जाडीची काच, बुरशीनाशक नसलेले व व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन, ३२ ते ४० मि.मी. उतारनळी, २० ते २५ मि.मी. चढनळी, टँक निपल, स्पंज, जैविक माध्यम आणि बुडता पंप.

काचेऐवजी जुनी मत्स्यटाकीही चालते. प्लास्टिकच्या टपात मात्र काचेच्या पट्ट्या सिलिकॉनने टिकत नाहीत, कारण पॉलिथिनला सिलिकॉन धरत नाही आणि पाणी भरल्यावर टपाच्या भिंती फुगतात. टप वापरायचा झाल्यास कप्प्यांऐवजी आत छिद्रे पाडलेले डबे ठेवतात.

कृतीचा क्रम असा असतो.

१. संपाची लांबी कप्प्यांत वाटून घेतात: यांत्रिक कप्पा सुमारे २० सें.मी., जैविक ३० सें.मी., बुडबुडे-अटकाव ६ सें.मी. व पंपकप्पा २० सें.मी. पंप कप्प्यात हात न अडखळता बसतो व निघतो याची खात्री करतात.
२. काचेच्या कडा घासून बोथट करतात आणि सांधे स्पिरिटने पुसतात. बोटांचे तेलकट डाग राहिल्यास सांधा गळतो.
३. पट्ट्या सिलिकॉनने बसवतात. खालून पाणी जाऊ देणाऱ्या पट्टीखाली ३ ते ४ सें.मी. फट ठेवतात.
४. सिलिकॉन किमान ४८ तास वाळू देतात. वास पूर्ण जाईपर्यंत मासे सोडत नाहीत.
५. संप काठोकाठ भरून एक दिवस गळती तपासतात.
६. नळ्या जोडतात. संपाच्या वरच्या भागातील जोड न चिकटवता ठेवल्यास पुढे सफाई सोपी जाते.
७. पंप सुरू करून पंपकप्प्यात कमाल पातळीची खूण करतात. नंतर पंप किमान पाच वेळा बंद-चालू करतात. प्रत्येक वेळी संपातील पाणी कोठवर चढते आणि सांडवा पुन्हा सुरू होतो का, हे पाहतात.

भरलेल्या मुख्य टाकीचे पाणीच सुमारे २२० किलो भरते. काच, खडी, संप आणि स्टँड मिळून वजन ३५० किलोच्या आसपास जाते; त्यामुळे जमीन समतल व भक्कम असणे आवश्यक आहे.

विजेचे सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असावे आणि वायर सॉकेटखाली लोंबकळती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटऐवजी जमिनीवर पडते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही दोन्ही साधने प्राणरक्षक आहेत. संपात हात घालण्यापूर्वी वीज बंद करणे अनिवार्य आहे.

जैविक माध्यम

सिरॅमिकच्या कड्या, प्लास्टिकचे बायोबॉल आणि स्पंज ही प्रचलित माध्यमे होत. कमी खर्चात भांडी घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळ्या (साबणविरहित), बाटल्यांची झाकणे किंवा भाजलेल्या विटांचे स्वच्छ तुकडेही वापरता येतात. लोखंडी किंवा स्टीलची घासणी वापरू नये. वऱ्हाडात सर्वत्र आढळणारा काळा पाषाण (बेसॉल्ट) पाण्याचा सामू बदलत नाही, पण घट्ट असल्याने जीवाणूंना फारसा पृष्ठभाग देत नाही. चुनखडी, संगमरवर व शिंपले पाण्याचा सामू व कठीणपणा वाढवतात; आधीच अल्कधर्मी असलेल्या पाण्यात ते टाळले जातात.

नॉर्वेत सांडपाणी शुद्धीकरणासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेले 'हलते माध्यम' आता मत्स्यालयांतही वापरतात. त्यात प्लास्टिकची लहान चक्रे हवेच्या प्रवाहाने सतत घुसळली जातात, त्यामुळे त्यांच्यावर कचरा साचत नाही.

जीवाणूंची वाढ

नव्या संपात जीवाणू नसतात. ते पुरेसे वाढण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात प्रथम अमोनिया, नंतर नायट्राइट वाढतो व शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. ही अवस्था चाचणी संचाने निश्चित झाल्यावरच मासे टप्प्याटप्प्याने सोडावेत. स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही, कारण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन असतात. रोगमुक्त जुन्या टाकीतील वापरलेला स्पंज संपात ठेवल्यास हा काळ कमी होतो.

वऱ्हाडातील वापर

खारपाणपट्टा

तापीची उपनदी असलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथील भूजलात सोडियमचे क्षार अधिक असतात. अकोला शहराला मात्र महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. त्यामुळे एकाच जिल्ह्यात नळाचे पाणी वापरणारा आणि कूपनलिकेचे पाणी वापरणारा यांच्या मत्स्यालयांत मोठा फरक पडतो.

खारेपणा आणि कठीणपणा या भिन्न गोष्टी आहेत. कठीणपणा कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे येतो. खारपाणात सोडियमचे प्राबल्य असते. टीडीएस मापक एकूण क्षार दाखवतो, पण ते कोणते आहेत हे सांगत नाही. मॉली व गप्पी हे मासे काही प्रमाणात क्षार सहन करतात. हिवताप नियंत्रणासाठी महाराष्ट्रात आरोग्य विभाग पाणवठ्यांत सोडतो ते गप्पी यांपैकीच होत. डिस्कस व बहुतेक टेट्रा जातींना मात्र असे पाणी मानवत नाही.

बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. घट भरून काढण्यासाठी रोज खारेच पाणी घातले, तर टाकीतील क्षार दिवसेंदिवस वाढत जातात. म्हणून घट भरण्यासाठी आरओ यंत्राचे शुद्ध पाणी किंवा गच्चीवरून साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी योग्य ठरते. संपूर्ण टाकी मात्र केवळ आरओच्या पाण्याने भरू नये. त्यात क्षारता जवळपास नसते. नायट्रीकरणात ती संपली की सामू एकाएकी कोसळतो आणि जीवाणूंचे कार्य मंदावते. दोन्ही पाण्यांचे मिश्रण करून त्याचे प्रमाण स्थिर ठेवणे हा मध्यम मार्ग आहे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना व संपातील जीवाणूंना मारक असते. पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवल्यास ते बरेचसे उडून जाते. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरतात.

उन्हाळा

अकोल्यात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९.१ मि.ग्रॅ. प्राणवायू मावतो, ३० अंशाला सुमारे ७.६ मि.ग्रॅ. आणि ३५ अंशाला सुमारे ७ मि.ग्रॅ. याच वेळी माशांचा श्वसनवेग व अमोनियाचा विषारीपणा वाढतो. संपाच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावल्यास वऱ्हाडच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी थंड होते. बंद खोलीत कूलर चालू असल्यास हवा दमट होऊन हा परिणाम घटतो. खिडकी उघडी ठेवणे आवश्यक असते. पावसाळ्यातील दमट हवेत या उपायाचा उपयोग अल्प असतो.

हिवाळ्यात हीटर लागल्यास तो पंपकप्प्यात न ठेवता स्थिर पातळीच्या कप्प्यात ठेवतात, म्हणजे पाणी घटले तरी तो उघडा पडत नाही.

भारनियमन

वीज गेल्यावर जैविक माध्यमातील जीवाणूंना ताजे पाणी मिळणे थांबते. बंद डब्याच्या गाळणीत काही तासांतच प्राणवायू संपतो. उघड्या संपात हा धोका कमी असतो, पण नाहीसा होत नाही. बॅटरीवर चालणारा हवापंप किंवा इन्व्हर्टर ठेवल्यास पहिले प्राधान्य मुख्य टाकीतील हवेला द्यावे. वीज नसताना खाद्य देऊ नये. खंड दीर्घ झाल्यास पंप पुन्हा सुरू करण्यापूर्वी संपातील पाण्याचा वास घेऊन पाहावा. कुजका वास असल्यास ते पाणी काढून टाकणे इष्ट.

देखभाल

पॉलिस्टर कापूस दर आठवड्याला धुतात किंवा बदलतात. जैविक माध्यम टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळतात. नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जीवाणू मरतात. सर्व माध्यम एकाच दिवशी कधीही बदलू नये. पंपकप्प्यातील पातळी रोज पाहावी. सांडव्याचे दाते, चढनळीचे छिद्र आणि पंपाचा पंखा महिन्यातून एकदा साफ करावा.

संप नायट्रेट नाहीसे करत नाही, त्यामुळे ठरावीक काळाने अंशतः पाणी बदलावेच लागते. संपाच्या उघड्या कप्प्यात मनी प्लांटची मुळे सोडल्यास ती काही नायट्रेट शोषतात. बदललेले पाणी खारे नसल्यास बागेसाठी उपयुक्त असते. पाणीटंचाईच्या प्रदेशात या वापराला विशेष महत्त्व आहे. नको असलेले मासे किंवा पाणवनस्पती नदीनाल्यांत सोडू नयेत. मत्स्यालयांतून सुटलेले सकर मासे भारतातील अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांना उपद्रवकारक ठरले आहेत.

लाभ आणि मर्यादा

संपामुळे पाण्याचा एकूण साठा वाढतो, म्हणून तापमान व रासायनिक बदल सावकाश होतात. मुख्य टाकीतील पातळी स्थिर राहते. हीटर व माध्यम दृष्टीआड जातात आणि माशांना न छेडता सफाई करता येते.

याउलट जागा, वीज व सुरुवातीचा खर्च वाढतो, पाणी पडण्याचा आवाज येतो आणि बाष्पीभवन अधिक होते. कोसळत्या पाण्यातून कार्बन डाय-ऑक्साइड उडून जात असल्याने दाट वनस्पतींच्या टाकीस ही गाळणी तितकीशी अनुकूल नसते. १०० लिटरपेक्षा लहान टाकीत हवेवर चालणारी साधी स्पंज गाळणी बहुधा पुरेशी ठरते. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा गोल्डफिश यांसारख्या अधिक उत्सर्जन करणाऱ्या माशांच्या मोठ्या टाक्यांत मात्र संप विशेष उपयुक्त आहे.

हे सुद्धा पहा

मत्स्यालय
नायट्रोजन चक्र
खारपाणपट्टा
पूर्णा नदी
काटेपूर्णा धरण
तारापोरवाला मत्स्यालय
गप्पी मासा